तारखांचा काही प्रश्नच नाही!

मला संवाद विसरताना आजवर कुणी पाहिलेलं नाही! अकरा वर्षं एकच मालिका, तीन हजार भाग, रोजची वीस-वीस पानं. सेटवर मला सगळे टेपरेकॉर्डर म्हणायचे. त्यामुळे अभिनय सोडून वकील झालो आणि पहिला खटला हाती आला, तेव्हा बायकोला अगदी छातीठोक सांगितलं, "कोर्ट म्हणजे काय गं? एकच सेट, एकच कोट, आणि संवाद आपले आपण लिहायचे!"

"समोरच्याचे पण तूच लिहिणार आहेस का?" बायको म्हणाली.

या बाईला कलेतलं काही कळत नाही, म्हणून मी सरळ खटल्याचे कागद उघडले.

खटला होता कोर्टामागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचा. त्यांना मी मावशी म्हणतो. माझा काळा कोट त्यांनीच शिवला. माप घेताना मी छाती फुगवून उभा होतो, तर म्हणाल्या, "सोडा आता श्वास, अडतीसच आहे." त्या गल्लीत सव्वीस वर्षं त्यांचं दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, आणि सगळं घर त्याच्यावर. आता मालकाला जागा परत हवी होती. त्याने सरळ नोटीस चिकटवली, गुरुवारी दुपारी तीन वाजता कुलूप! तीनच्या आत कोर्टाची स्थगिती मिळाली तर दुकान वाचणार, नाहीतर मावशी रस्त्यावर.

"वकीलसाहेब, जमेल ना हो?" मावशींनी विचारलं.

"मावशी, तुम्ही फक्त बघत राहा!"

चौदा पानांचं भाषण लिहिलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे वळून मावशींकडे बघायचं, सगळं ठरवलं. आरशासमोर सात वेळा म्हटलं. सातव्या वेळी मला स्वतःलाच रडू आलं!

गुरुवारी साडेदहाला कोर्टात जाऊन बसलो. अकरा वाजले. बारा वाजले. आमचा नंबर काही येईना. न्यायाधीशबाई दीडला उठणार आणि दुपारी बसणारच नाहीत, असं कारकून म्हणाला. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि मी मावशींकडे बघायचं टाळत होतो. पाऊण वाजला. सव्वा वाजला. आणि एक वाजून तेवीस मिनिटांनी एकदाचा पुकारा झाला!

मी उठलो. कोट सारखा केला. खोल श्वास घेतला. तोंड उघडणार, तेवढ्यात मालकाचे वकील उठले. चांगले साठीचे, गोड आवाजाचे गृहस्थ. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तारीख द्यायला तुमची काही अडचण?"

आता मंडळी, तुम्ही नट असाल तर मला समजून घ्याल. नटाला तारीख मागितली, म्हणजे काम आलं! मालिका संपल्यावर दोन वर्षं मला कुणी तारीख विचारली नव्हती. दोन वर्षं! फोन वाजला की धावायचो, आणि पलीकडे गॅसवाला. हा एक प्रश्न ऐकायला माझे कान आसुसले होते हो! माझ्या डोक्याला कळायच्या आत माझं तोंड बोलून मोकळं झालं.

"छे छे! तारखांचा काही प्रश्नच नाही! अख्खा महिना तुमचाच!"

"मग वीस तारीख," न्यायाधीशबाई म्हणाल्या. टायपिस्टची बोटं टकटक चालली.

"चालेल! किती वाजता पोचू?" मी विचारलं. वर हसलोही.

कारकुनाने पुढचा नंबर पुकारला. मागून माझ्या दंडाला जोरात चिमटा बसला. मावशी!

"वीस तारीख काय? माझं दुकान आज तीनला जातंय!"

अरे देवा! कोर्टातली तारीख! सुनावणी पुढे ढकलायची तारीख! आणि ती मीच देऊन बसलो होतो, तीही हसत हसत! पुढच्या खटल्याचे वकील टेबलाशी येऊन फाइली पसरत होते. मी त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि ओरडलो, "मॅडम, रीटेक!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"काय म्हणालात?"

"म्हणजे... पुन्हा एकदा... माझं भाषण राहिलंय!"

"दोन मिनिटं आहेत. बोला."

दोन मिनिटं! चौदा पानं! चौथ्या पानावर एक वाक्य होतं, 'चालती हो असं या बाईला म्हणण्याचा मालकाला अधिकार काय?' थेट तिथूनच सुरू करायचं ठरवलं. ठरल्याप्रमाणे गर्रकन वळलो, मावशींकडे बोट केलं आणि म्हणालो, "चालती हो!"

बस्स! पुढचं वाक्य कुठे गेलं देव जाणे. मालिकेत मी विधवा वहिनीला घराबाहेर काढणारा दीर होतो. ते दोन शब्द तोंडातून निघाले आणि अकरा वर्षं धडाधड बाहेर पडली! "चालती हो इथून! तुझा इथे काडीचा हक्क नाही! या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल टाकलंस तर याद राख!"

आवाज असा लागला होता, की मागच्या बाकावरचा हवालदार उठून उभा राहिला.

"मॅडम," मालकाचे वकील गोड आवाजात म्हणाले, "माझ्या अशिलाचं हेच म्हणणं आहे."

"तुम्ही नेमके कुणाचे वकील?" न्यायाधीशबाईंनी मला विचारलं.

बोटसुद्धा खाली घेता येईना. घड्याळात एक सत्तावीस झाले होते. एका गरीब बाईचं दुकान मी माझ्या या तोंडाने बुडवलं होतं, आणि मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मावशींनी माझं बोट बाजूला केलं आणि त्या पुढे आल्या.

"मॅडम, मला बोलता येत नाही. पण तीनला कुलूप लागलं, तर आत बत्तीस कोट अडकतील. सगळे या कोर्टातल्या वकिलांचे. एक या साहेबांचा." त्यांनी मालकाच्या वकिलांकडे बघितलं.

गोड आवाज एकदम चिरकला. "माझा? तो झाला नाही अजून? मला सोमवारी वरच्या कोर्टात उभं राहायचंय!"

"बाह्या लावायच्या राहिल्यात."

"मग लावा ना!"

"कुलूप लागल्यावर कुठे बसून लावू?"

न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. खोकल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, वीस तारखेपर्यंत कुलूप लावू नये असा हुकूम दिला, तर तुमची हरकत?"

"अजिबात नाही!" मालकाचे वकील घाईघाईने म्हणाले.

एक एकोणतीसला हुकुमावर सही झाली.

बाहेर व्हरांड्यात मी खाली मान घालून उभा होतो. "मावशी, चुकलं माझं. दुसरा वकील बघा."

"असं कसं? तुमची मालिका मी रोज बघायचे, मशीन चालवता चालवता."

माझा जीव भांड्यात पडला. मान आपोआप वर झाली. "हो? माझं कुठलं काम आवडलं?"

"तुम्ही जिन्यावरून पडलात ना, मग चार महिने दवाखान्यात बेशुद्ध होतात? नाकात नळी, डोळे मिटलेले. काय सुरेख काम केलंत हो! वीस तारखेला अगदी तसंच करा."