जमिनीतला गृहस्थ

"चालायचं कसं, ते मला शिकवू नका!" फिलोमेनानं प्रयोगशाळेत शिरताशिरताच बजावलं. बेटावरच्या आपल्या घराच्या बेचाळीस पायऱ्या ती साठ वर्षं चढत आली होती. पण चार महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मुलानं, नीक्शानं, स्प्लिट शहरात वृद्धाश्रमच बघून ठेवला. आज चालण्याची तपासणी. त्या पायानं नीट भार पेलला तर घर, नाहीतर आश्रम!

डॉक्टर लुचियानं तिच्या पायांवर चकचकीत गोळे चिकटवले. "आजी, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चाला. कॅमेरे बघून घेतील." जमिनीत बसवलेली लोखंडी पाटी पायाचा भार मोजते, हे तिनं मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं की लोक नेम धरून पाय टाकतात आणि तपासणीचे बारा वाजतात.

फिलोमेना चालली. पाटीपाशी आली आणि टुणकन पलीकडे! पडद्यावर भार शून्य. पुन्हा चालवलं, पुन्हा टुणकन! अकरा वेळा तेच.

"आई, मुद्दाम करतेयस ना?" नीक्शा वैतागला.

"मुद्दामच करतेय! खाली माणूस झोपलाय, दिसत नाही? नाव कोरलंय, आकडे कोरलेत!"

नाव पाटी बनवणाऱ्या कंपनीचं होतं. पण फिलोमेनाच्या चर्चमध्ये नवऱ्याचे सात पूर्वज फरशीखालीच पुरलेत, आणि तिथे नावावर पाय देणाऱ्या पोराच्या कानाखाली आवाज निघतो.

"आजी, एकदाच पाय द्या हो. नाहीतर तुम्हाला घरी कशी सोडू?" लुचिया काकुळतीला आली.

"नका सोडू! आश्रमात मरेन, पण मेलेल्याला तुडवून घरी जाणार नाही!" आवाज चढला खरा, पण डोळे भरून आले. घर तिला हवंच होतं.

"अगं, यंत्र आहे ते! हे बघ!" नीक्शा तरातरा गेला, त्यानं पाय उचलला, आणि पाय हवेतच राहिला! शेवटी तोही पलीकडेच उतरला.

लुचियानं कपाळाला हात लावला आणि कॅमेऱ्यातल्या अकरा उड्या पुन्हा पाहिल्या. दर वेळी आजी उतरल्या होत्या त्या ऑपरेशनच्याच पायावर, जराही न डगमगता. "यापेक्षा जास्त भार मी तरी कुठून आणू?" म्हणत तिनं कागदावर सही ठोकली. "जा घरी!"

कागद द्यायला ती सरळ निघाली आणि पाटीला वळसा घालून आली. रोज दहादा तिच्यावरून जाणारी बाई! फिलोमेनानं ते पाहिलं, पण चकार शब्द काढला नाही. निदान बोटीत बसेपर्यंत तरी!