कोटाचं बटण आणि सूर्य

कासमचाचांकडे सदरा शिवायला टाकला, की सदऱ्याआधी ग्रहण मिळायचं. मापं घेता घेता ते मला एक डोळा मिटायला लावत आणि दुसऱ्यासमोर कोटाचं बटण धरत. "दिसतुया का सूर्य? न्हाई ना? बटण एवढंसं, पन जवळ हाय. चंद्राचं तसंच." सदरा पुढच्या आठवड्यात मिळे, एक बाही आखूड.

मी मुळशीच्या तालुका कचेरीत कारकून. पौडच्या बाजारात दुसरा शिंपी नव्हता, म्हणून सोसायचो. चंद्रग्रहण समजवायला ते मला कंदील आणि भिंतीच्या मधे उभं करत. मी पृथ्वी; चंद्र माझ्या सावलीत सापडलेला. मग दर पुनवेला ग्रहण का नाही, असं एकदा चुकून विचारलं. चंद्राची वाट जरा तिरकी आहे, हे टेप वाकडी धरून दाखवेपर्यंत दोन गिऱ्हाइकं उठून गेली.

हे वेड कुठून आलं ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, आणि तरी बाजार हसायचा. शमीमच्या वेळी चाची गरोदर असताना ग्रहण आलं. लग्नसराई होती, चाची काजं करत बसल्या. पोरगी जन्मली ती फाटका ओठ घेऊन. सुई चालवली म्हणून ओठ फाटला, असा निकाल आळीतल्या बायकांनी दिला. पुण्याच्या डॉक्टरांनी ओठ शिवला आणि ग्रहणाचा काही संबंध नाही म्हणून सांगितलं. चाचा शाळेतल्या गुरुजींकडून ग्रहण शिकून आले. चाचींना काही पटलं नाही. त्यांनी पुन्हा सुई धरली नाही. ग्रहण पाळण्यात आमच्याकडे हिंदू-मुसलमान भेद नव्हता. दोष बाईच्या माथी मारण्यात तर मुळीच नव्हता.

ऐंशी सालच्या मोठ्या सूर्यग्रहणाला शमीम बाळंतपणासाठी माहेरी आली होती. त्या दुपारी दुकान उघडं ठेवून तिला शेजारी शिवायला बसवणार, असं चाचांनी आधीच जाहीर केलं. बाजार टपून बसला.

प्रत्यक्षात दुकानाला कुलूप. मला भयंकर राग आला. इतकी वर्षं माझा डोळा मिटवून घेतला आणि ऐनवेळी शेपूट घातली? सुनसान रस्त्यानं तडक त्यांच्या घरी गेलो. चाचा बाहेरून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबत होते.

"चाचा, तुम्हीसुद्धा?"

त्यांचे हात थांबले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "ओठ कुनाच्याबी लेकराचा फाटतो, सायेब. उद्या हिच्या लेकराचा फाटला, तर गाव हिला धरंल. हिच्या आईला मी वीस वरसं समजावतुया. आता लेकीला कुठवर समजावू?"

आतून चाची म्हणाल्या, वरच्या कोपऱ्यातनं उजेड येतोय अजून.

चाचांनी टाचा उंचावून तिथंही चिंधी बसवली आणि खिडकीला तोंड लावलं.

"आता न्हाई येत. निवांत बसा दोघी."