दोनशे छप्पन्न घरं

"दोनशे छप्पन्न घरं! एवढा लांब पत्ता जगात कुणी लिहिणार नाही!" श्रीनिधीनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. म्हैसूरच्या लोकगीत संग्रहासाठी त्यानं प्रोग्राम लिहिला होता. जिल्ह्याच्या फोल्डरात तालुका, तालुक्यात गाव, गावात गाणारी, तिच्यात गाणं. हा सगळा पत्ता धरायला मेमरीत त्यानं, एका अक्षराला एक घर या हिशेबानं, तेवढीच जागा राखली होती.

आणि आज भर सकाळी पडद्यावर उमटलं :

दार उघड गं, उंबऱ्याशी मी उभी!

"हे कुणी लिहिलं?" श्रीनिधीनं ती ओळ मोठ्यानं वाचून विचारलं.

"तुमच्याच प्रोग्रामनं!" सूची करणाऱ्या भागीरथम्मांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "'गाणं शोधत आहे' यायचं, तिथं ही बाई आली!"

बाकावर हासनकडच्या खेड्यातून आलेली चिक्कतायम्मा बसली होती. आईचा आवाज ऐकायला. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मागे उरलं ते इथं ध्वनिमुद्रित झालेलं तिचं एकच गाणं. पडद्यावरचं ऐकताच ती उठली.

"अव्वाच ती! माझी आईच!"

तिनं जाऊन दार सताड उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. चाफ्याचा वास तेवढा आत आला, पाय न वाजवता.

श्रीनिधीनं पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच!

"उघडलंय गं अव्वा, ये की!" चिक्कतायम्मा दाराशी म्हणाली.

श्रीनिधीनं घाम पुसत पत्ता तपासला. "मॅडम, गाण्याचं नाव एवढं लांब?"

"जात्यावरच्या गाण्याला नाव कुठलं, सर? पहिलं कडवंच लिहिते, अख्खं."

"कन्नडमध्ये?"

"मग काय जपानीत?"

श्रीनिधी मटकन बसला. एकेक कन्नड अक्षर आत तीन-तीन घरं अडवतं, आणि यानं चाचणी घेतली होती इंग्रजीत, स्वतःचं नाव लिहून! पत्ता दुधासारखा उतू जाऊन शेजारच्या जागेत सांडला होता, आणि तिथं होती पडद्यावरची सूचना. तिच्या जागी कडव्याची शेपटी दिसत होती. गाणं शोधणारा भाग मात्र दोनशे छप्पन्नाव्या घरावर थांबायचा. अर्ध्या पत्त्यावर कोण भेटणार?

त्यानं जागा वाढवली. स्पीकरमधून जातं घरघरलं, आणि अव्वा गाऊ लागली. चिक्कतायम्मा पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली.

"दार लावू का, अम्मा?" गाणं संपल्यावर श्रीनिधीनं हळूच विचारलं.

"राहू द्या, स्वामी. आत्ताच आलीय ती."

श्रीनिधीनं घसा खाकरून छातीवर हात ठेवला. "आता चार हजार शहाण्णव घरं! एवढा लांब पत्ता जगात..."

"सोमवारी सात रात्री चालणारी गाथा येतेय, सर," भागीरथम्मा म्हणाल्या. "तिचं पहिलं कडवंच पहाटेपर्यंत जातं."

श्रीनिधीनं छातीवरचा हात गुपचूप काढून घेतला.