एक सेट, दोन एरियल

मोहाडीच्या एका कचेरीत (खात्याचं नाव सांगत नाही, उगीच भानगड नको) वायरलेस चालवणारा सेवकराम सकाळपासून सेटभोवती घिरट्या घालत होता. नोकरी कच्ची आणि साहेब वासुदेवराव! पुराच्या रंगीत तालमीत आपलं भाषण भंडारा आणि साकोली, दोन्हीकडे एकदमच गेलं पाहिजे, नाहीतर एकोडीला घरी जाऊन धान रोव, असं त्यांनी बजावलं होतं.

छपरावर एरियल दोन, खाली सेट एकच. एकीकडे बोलून झालं की वायर काढायची, दुसरी लावायची, ही रोजची रीत. पण सेवकराम पडला धानवाल्याचा पोरगा. तलावाचा पाट फोडला की धानाच्या दोन बांध्यांना पाणी जातं, मग या सेटलाच काय धाड भरली? त्याने दोन्ही वायरी सोलल्या, एकत्र पिळल्या आणि सेटला जोडल्या.

चाचणीसाठी बटण दाबलं तर आवाज बाहेर जातोय हे दाखवणारा काटा जागचा हलेना. सेट मात्र तव्यासारखा तापला. भंडारा गप्प, साकोलीही गप्प. पीळ सोडवायला त्याने हात घातला, तोच साहेब येऊन खुर्चीत बसले.

साहेबांनी बटण दाबलं ते भाषण संपेपर्यंत सोडलंच नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं ऐकू येत नाही, त्यामुळे तिकडून कोणी उत्तर देतंय का, हा प्रश्नच आला नाही. सेवकराम मागे उभा राहून घाम पुसत होता आणि धूर निघतो की काय ते बघत होता.

भाषण झाल्यावर साहेबांनी दोन्हीकडे फोन लावले. आता मेलो, सेवकराम मनात म्हणाला. पण भंडाऱ्याहून कळलं, आवाज एकदम स्वच्छ. साकोलीवाले तर म्हणाले, शेवट ऐकून डोळे भरून आले. काही ऐकू आलं नाही असं सांगून वासुदेवरावांच्या तोंडी कोण लागणार!

साहेब फुलून गेले. हा जोड पक्का कर, खऱ्या पुरातही यावरच बोलायचं, म्हणाले. सेवकरामच्या डोळ्यांपुढे वैनगंगेकाठची गावं उभी राहिली. आता त्याला नोकरीपेक्षा नदीची भीती वाटू लागली.

"साहेब, कोनालेच काही ऐकू नाही गेलं," तो कसाबसा म्हणाला. "माही चूक झाली."

साहेबांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "दोन ऑफिसं खोटं बोलून राहिली, अन् तू एकटा खरा?"

त्याच आठवड्यात सेवकरामची नोकरी पक्की झाली. खात्याच्या बाकीच्या सगळ्या सेटांना तसाच जोड मारून द्यायचं काम त्याच्याकडे आलं.