ऋण चार दिवसांची रजा

पक्ष: उधन्याच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात चार शेड आहेत. तिथल्या कामगार दगाला धनश्री ही एकच मुलगी आहे. तिचे लग्न अठरा तारखेला आहे.

साध्य: दगाने कन्यादान करावे.

सिद्धता:

रजेच्या अर्जांत शिस्त नव्हती. ती आणण्यासाठी मालकांनी वैभवसाहेबांना नेमले. साहेब पूर्वी मालकांच्या मुलाला बारावीची त्रिकोणमिती शिकवत. त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर वर्तुळ काढले, चार चरणांना चार शेड वाटून दिल्या आणि चिन्हांचा नियम लागू केला. पहिल्या चरणात सर्व फलने धन. तिथे मालकांचे नातलग. दुसऱ्यात फक्त साइन, म्हणजे आजारपण. तिसऱ्यात फक्त टॅन, म्हणजे सुतक. चौथ्यात फक्त कॉस, म्हणजे लग्न. बाकी सर्व ऋण.

दगा दुसऱ्या शेडमध्ये होता. त्याने लग्नासाठी चार दिवस मागितले. मंजुरी त्याच दिवशी आली: ऋण चार.

"म्हंजे?"

"म्हणजे चार सुट्ट्यांना कामावर यायचं. मंजूर झालीय, दगाभाई. आभार माना."

"साहेब, मन्ही पोरनं लगीन शे. ते ऋण कसं व्हई?"

"लग्न धन की ऋण हे बाप ठरवत नाही. शेड ठरवते."

साहेब निर्दय नव्हते. त्यांनी संबंधित कोनांची सवलत सांगितली. नव्वद अंशांतून वळून अर्ज केला की फलन बदलते. कॉसचे साइन होते, लग्नाचे आजारपण. दगा वळला. चिन्ह मात्र जुन्या फलनाचेच राहिले. ऋण आजारपण, म्हणजे प्रमाणाबाहेर निरोगी. त्याला चालवायला आठाऐवजी बारा लूम मिळाले.

"मंग चौथ्या शेडमां टाका."

"कोन घड्याळाच्या उलट मोजतात. आधी तिसरी शेड, तीन महिने."

"आनि मागे, पहिल्यामां?"

"मागे मोजलेला कोन ऋण. मागे गेलात तर सरळ गेटबाहेर."

दगा तिसऱ्या शेडमध्ये गेला. लग्नाला नऊच दिवस उरले होते. तिथे फक्त सुतक धन होते आणि त्याला रक्ताच्या नात्यातला मृत लागे. आईबाप आधीच वारले होते. त्यांची रजा वापरून झाली होती.

"कोनले मारू?" त्याने घरी विचारले.

त्याची बायको सरलाबाई हळदीची परात घासत होती. "पोरले हात लावू नका. माले बी नका. मंग उरनं कोन?"

दगाने अर्ज भरला. मृताचे नाव: दगा. मृताशी नाते: स्वतः.

"याहून जवळचं नातं नियमात नाही," साहेब म्हणाले आणि चार दिवस दिले. धन.

सहकाऱ्याच्या निधनाबद्दल शेडमधल्या सर्वांना एकेक दिवस मिळाला. त्यामुळे अठरा तारखेला लग्नाची वाडी, म्हणजे कार्यालय, भरून गेली. साहेब मृत्यूची खातरजमा करायला हार घेऊन आले. दगा दिसला असता, तर सगळ्यांचीच रजा ऋण झाली असती. म्हणून कन्यादानाला धनश्रीचा मानलेला काका बसला. धनश्री मागे वळून वळून पाहत होती. भटजींनी तिला पुढे बघायला सांगितले.

दगा वाढप्यांत मिसळून पंगतीत वरण वाढत होता.

तुम्हीही त्या पंगतीत होतात. दिवंगत दगासाठी दोन मिनिटे शांत उभे राहून मग जेवायला बसला होतात. तो तुमच्या पानापाशी वाकला. तुम्ही त्याला ओळखलेत. पानावर हात आडवा धरून म्हणालात, "बस."