वेंकोबारावांचे हात

वेंकोबारावांच्या दारावरून कुणालाही सायकलने एकदाच जाता येत नसे. ते ओट्यावर कॅमेरा डोळ्याला लावून बसलेले असायचे. समोरून सायकल आली की बटण दाबायचे, नाराजीने मान हलवायचे आणि स्वाराला पुन्हा कोपऱ्यापासून, जोरात, सरळ आपल्या अंगावर यायला सांगायचे. पोस्टमन, दूधवाला, देवळातले भटजी, सगळे निमूट मागे फिरत. बँकेने माझी कुंभकोणमला बदली केली आणि मी मेलकावेरीत बिऱ्हाड केलं, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मलाही असाच फिरवला. मी साताऱ्याचा माणूस. सायकल टाकून भांडायला गेलो, तर ते चक्क मराठीत म्हणाले, "बसा, सार. काफी घ्या."

त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर आलेले. मराठीही तेव्हाचीच, माझ्या पणजोबांना जुनी वाटली असती अशी. सर्व्हे खात्यातून निवृत्त होईपर्यंत त्यांनी जमिनी मोजल्या आणि नंतर भाच्याने सिंगापूरहून तो कॅमेरा आणून दिला. आपलं आपण फोकस करणारा कॅमेरा तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, आमच्या गल्लीत कुणी पाहिला नव्हता. वेंकोबारावांना त्यातून उडत्या पक्ष्याचा फोटो हवा होता आणि सायकली ही त्याची तालीम होती.

कॅमेऱ्याच्या बटणांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. एका खुणेवर भिंग एकदा धरलं की तिथेच अडून बसायचं, पक्षी उडून गेला तरी हलायचं नाही. त्याचं नाव 'सरकारी'. दुसऱ्या खुणेवर ते पक्ष्याच्या मागे मागे फिरत राहायचं. त्याचं नाव 'मुलीचा बाप'. मध्ये नारळाची झावळी आली की मुलीचा बाप तिलाच चिकटायचा, मग वेंकोबाराव त्याला तमिळमध्ये समजावत बसायचे. शेवटी त्यांनी शोधून काढलं, की भिंगावरची एक कळ सरकवली की ते जवळचं काही बघतच नाही. त्या दिवशी त्यांनी गल्लीत सुंडल वाटलं. मी चणे खाल्ले आणि मनात म्हटलं, म्हातारा कामातून गेला.

त्यांना हवा होता तो पक्षी साधासुधा नव्हता. पांढरं डोकं, विटकरी पंख. आपण तिला घार म्हणू, तिकडे तो गरुड, विष्णूचं वाहन. देवळाच्या कळसावर दर बारा वर्षांनी मंत्रवलेलं पाणी ओततात, त्याला कुंभाभिषेक म्हणतात. त्या वेळी वर गरुड घिरटी घालून गेला की सोहळा देवाला पावला. आमच्या जवळच्या पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्याच, देवळाचा कुंभाभिषेक त्या वर्षी होता. वेंकोबारावांना कळसावरचा तो गरुड हवा होता.

तालमीला आम्ही कावेरीच्या काठी जायचो. तिथे खरी अडचण कळली. गरुड यायचा, अगदी डोक्यावरून जायचा, आणि वेंकोबाराव कॅमेरा सोडून दोन्ही हातांनी गालांवर थापट्या मारून नमस्कार करायचे. तिकडची रीत, लहानपणापासूनची सवय. कॅमेरा गळ्यात लोंबकळत असायचा, सगळी बटणं जिथल्या तिथे, आणि गरुड पार पलीकडच्या काठाला. सायकलींना नमस्कार करायचा नसतो, म्हणून हे ओट्यावर कधी लक्षात आलं नव्हतं. मी हसून हसून वाळूत बसलो.

"हसूं नका, सार," ते म्हणाले. "हात माझं ऐकत नाहींत."

मी म्हटलं, एवढा जिवाचा आटापिटा कशाला? शेजारच्या नाचियारकोविल गावच्या बाजारात गरुडाची हवी तेवढी चित्रं मिळतात. त्यांनी धोतराच्या सोग्याने भिंग पुसलं.

"मागल्या वेळीं ती घरीं पाहुण्यांस वाढत होती. मी एकलाच पाहून आलों. ह्या वेळीं नेतों मणून सांगितलों होतों. आतां तिचे पाय गेले. आणखी बारा वर्षांचें कोणीं सांगावें?"

ती म्हणजे त्यांची बायको; सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. पडून कंबर मोडल्यापासून त्या आतल्या खोलीत खाटेवर असायच्या. मी रोज त्या घरची काफी प्यायचो, आणि हा खटाटोप कुणासाठी चाललाय हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. कुंभाभिषेकाला मागे उभं राहून त्यांची कोपरं धरून ठेवायचं काम मी आपणहून घेतलं.

त्या सकाळी देवळासमोरच्या गच्चीवर मुंगीला वाट नव्हती. मी वेंकोबारावांची कोपरं घट्ट धरली होती. वर नुसतं रिकामं आभाळ होतं. मंत्र संपत आले, भटजींनी कळशा उचलल्या, आणि कुणीतरी बोट दाखवलं. गरुड आला होता. एकदम सगळे हात वर गेले. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं, की त्यांत माझेही दोन होते.

मी घाबरून पुढे पाहिलं. वेंकोबारावांची कोपरं मोकळी होती, पण हात कॅमेऱ्यावर होते. ते गरुडाबरोबर सावकाश वळत होते आणि बटण दाबत होते. गरुड दिसेनासा झाल्यावर त्यांनी कॅमेरा खाली घेतला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी नमस्कार केलों नाहीं, सार."

रोल धुऊन येईपर्यंत त्यांना ना जेवण गोड लागलं ना झोप. फोटो नाही आला तर मामींना काय सांगायचं, आणि आला तरी देवाला काय सांगायचं, अशा दोन्हीकडून ते अडकले होते. पाकीट आलं तेव्हा त्यांनी ते मलाच उघडायला लावलं. बहुतेक फोटोंत धूर, छत्र्या आणि लोकांचे हात. एकात मात्र कळस होता, वरून ओतलेलं पाणी होतं, आणि त्यावर पंख पसरलेला गरुड, त्याचा डोळासुद्धा दिसत होता. माझा जीव भांड्यात पडला.

मामींनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग उशीला टेकवून ठेवला आणि गालांवर थापट्या मारून नमस्कार केला. वेंकोबाराव दाराशीच उभे होते. आपल्या हातून काय राहिलं ते त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

"तुम्ही तिथें हात जोडलां नाहींत," मामी म्हणाल्या, "मणून मला इथें जोडतां आले. इकडे या."

ते खाटेपाशी बसले. मामींनी त्यांचे दोन्ही हात धरून फोटोपुढे जोडले, आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.