कंडक्टरमार्फत

आमच्या शेजारचे जनूकाका बाहेरून आलेला कुठलाही पदार्थ आधी कुत्र्याला घालतात. सत्यनारायणाचा शिरा असो, बारशाचे पेढे असोत, की कुणी हौसेने पाठवलेलं घावन असो, पहिला घास कुत्र्याचा. मग काका खुर्चीत बसून पेपर वाचल्याचं नाटक करत त्याच्याकडे बघत राहतात. कुत्रा मेला नाही अशी खात्री पटली की ताट पुढे ओढतात. हे सगळं ओटीवर, पाठवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चालतं. माझ्या हातच्या पुरणपोळीचीही अशीच परीक्षा झाली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "खात्री केलेली बरी. नोंद घ्यावी."

ही "नोंद घ्यावी" एसटीतली. काका जन्मभर स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कुठली आज येणारच नाही, हे माईकवरून सांगण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाले तेव्हा माईक तिथेच राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. त्यांच्याकडचं मीठ संपलं की अख्ख्या वाडीला कळतं. कुत्र्याचं नावही त्यांनी कंडक्टर ठेवलंय.

आता या माणसाला विष घालावं इतकं त्याच्याकडे आहे काय? दोन खोल्यांचं कौलारू घर, मागे थोडे माड आणि अर्धा फणस. अर्धा अशासाठी, की झाड नेमकं गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावर उभं आहे आणि गडग्यापलीकडे चुलतभावाचं घर. फणस कुणाचा यावरून दोघा भावांनी आधी बोलणं टाकलं, मग मोजणी आणली, मग मोजणीवाल्याशीच भांडले. ज्याच्याशी भांडण तो भाऊ केव्हाच देवाघरी गेला. काकांनी भांडण तेवढं वारसाहक्काने त्याच्या बायकोच्या, म्हणजे सुमनवहिनींच्या नावावर चढवलं. वहिनींचे मुलगे मुंबईला. ते गणपतीत येतात आणि आंबे उतरल्यावर येतात. काकांचं लग्न झालेलं नाही, आणि ते का झालं नाही हे त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की कळतं. म्हणजे गडग्याच्या अलीकडे एक माणूस आणि पलीकडे एक, आणि दोघांचं एकमेकांशी अक्षर नाही.

बोलायचं असलं तर कुत्र्यामार्फत.

"कंडक्टर, सांग तिकडे, टाकी भरून वाहतेय, पंप बंद करा म्हणावं," काका ओटीवरून गर्जतात.

"कंडक्टर, सांग त्यांना, मला डोळे आहेत," पलीकडून उत्तर येतं. पंप मात्र बंद होतो.

कंडक्टर दोन्हीकडे बघून शेपटी हलवतो. या तिघांत अक्कल कुणाला, हे मी सांगायला नको.

भांडण एका जागी आणि फणस एका जागी, असा आपल्याकडचा रिवाज. बरका फणस पिकला की वहिनी रसात तांदळाचा रवा घालून सांदणं वाफवतात आणि डबा गडग्यावर आणून ठेवतात. काका तो उचलतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "आमच्याच फणसाची सांदणं आम्हालाच पाठवलीन." मग कंडक्टरचा घास, मग पेपर, मग काका. संध्याकाळी डबा धुऊन गडग्यावर परत.

यंदा आंबे उतरत आले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि काकांचा आवाज आला, "घातलंन. शेवटी विष घातलंन." मी रोजच्यासारखंच काहीतरी समजून आणखी दोन चादरी वाळत घातल्या. मग आवाज अचानक थांबला. काकांचा आवाज थांबतो म्हणजे काहीतरी खरंच झालं असणार, म्हणून मी गेले.

कंडक्टर अंगणात आडवा पडला होता. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, चारही पाय लटलट कापत होते. दोन ठिकाणी ओकलेलं. काका एका हाताने त्याचा जबडा उघडायच्या खटपटीत आणि दुसऱ्या हातात मीठपाण्याचा तांब्या. पायरीवर ताक तयार, त्याच्या शेजारी खोबरेल. आणि देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला गुरवाला फोनही झालेला. जनावरांच्या डॉक्टरला तेवढा कुणी फोन केला नव्हता.

मी कुत्रेवेडी नाही. कंडक्टरने माझ्या दोन चपला खाल्ल्या आहेत. पण तांब्या हिसकून घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला. बाई तरुण असाव्यात, पण सांगणं स्पष्ट होतं. "तोंडात काही ओतू नका. मीठपाणी नको, ताक नको, तेल नको. असा थरथरतोय तर ते छातीत जाईल. उलटी करवायला जाऊ नका. ओकलंय ते पिशवीत घ्या, हाताला प्लास्टिक बांधून. काय खाल्लं ते शोधा, पुडी-बाटली काही असेल तर आणा. आणि निघा लगेच, बघत बसू नका."

"काय खाल्लं ते शोधायचं कशाला? सांदण खाल्लंन, काल," काका गडग्याकडे तोंड करून म्हणाले. "पलीकडून आलेलं. नोंद घ्यावी."

पलीकडे सुमनवहिनी आमसुलं उन्हात घालत होत्या. त्यांनी मान वर करून आधी काकांकडे आणि मग अंगणात पडलेल्या कुत्र्याकडे बघितलं. एरवी एकाला दोन उत्तरं आली असती. त्या दिवशी त्या आमसुलं तशीच टाकून घरात गेल्या.

ओकलेलं मी भरलं. काकांनी नाकाला पंचा लावून देखरेख केली. मग "शर्ट घालून येतो" म्हणाले आणि घरात जायच्या ऐवजी मागच्या बागेत गेले. शर्ट काय माडावर वाळत घातलाय की काय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण कुत्रं मरायला टेकलेलं असताना टोमणा मारायची मलाही लाज वाटली.

आमच्या गाडीत कंडक्टरचं डोकं काकांच्या मांडीवर. लाळेने धोतर भिजलं होतं आणि काकांचं भाषण चालूच होतं. फणसापासून सुरुवात करून ते मोजणीपर्यंत येईतो दवाखाना आला.

डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी आधी एक इंजेक्शन दिलं, सलाईन जोडली, मग विचारलं, "सांदण कधी खाल्लं?"

"काल संध्याकाळी."

"आणि रात्री?"

"ठणठणीत होता. पहाटे एका चोरट्या मांजराच्या मागे धावला."

"मग सांदणाचं काही नाही. हे आज सकाळचं आहे. बागेत मारायच्या औषधासारखं दिसतंय. पण त्यातलं नेमकं कुठलं ते कळलं तर पुढचं इंजेक्शन ठरेल. नीट आठवा, आजोबा. मला अंदाजाने टोचायचं नाही."

"सांदणातच घातलंन," काका म्हणाले, पण आवाज माईकवरचा नव्हता.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. सुमनवहिनी उतरल्या. घरातल्याच साडीवर, हाताला आमसुलांचा लाल रंग तसाच. त्यांनी टेबलावर डबा ठेवला. "डॉक्टर, ही त्यातलीच सांदणं. काय तपासायचं ते तपासा. मी खाल्लीत, मला काही झालं नाही." मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "यांनी पण खाल्लीत. डबा घासून-पुसून परत येतो तो काय कुत्रं घासतं?"

मला हसू आलं, पण काकांकडे बघून ते तसंच गिळलं. कंडक्टरच्या पायांना टेबलावर झटके येत होते. काकांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि चुरगळलेली पुडी काढून डॉक्टरांपुढे ठेवली.

"माडांच्या मुळाशी घुशी झाल्यात," ते म्हणाले. "हे औषध सुक्या बोंबलाला लावून ठेवलं होतं. मीच. वर करवंटी उपडी घातली होती, त्याने उलटवलीन."

बागेत गेलेला माणूस पुडी घ्यायला गेला होता. म्हणजे निघायच्या आधीपासून त्याला माहीत होतं, आणि ती खिशात ठेवून त्याने सबंध रस्ताभर एका विधवा बाईच्या नावाने ठणाणा केला. माझ्या मनात जे आलं ते मी इथे लिहीत नाही. डॉक्टरबाईंनी पुडी वाचली आणि दुसरं इंजेक्शन भरायला घेतलं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये मी. कुत्र्याच्या जागी आपल्याला बसवलंय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी उठून खिडकीशी गेले. दोघांची चुळबुळ चालली होती. वहिनींनी दोनदा तोंड उघडलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे बघितलं. काकांनी घसा खाकरला. पण निरोप न्यायला कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई आल्या. लाळ थांबली होती, झटके कमी झाले होते. अजून एक-दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल, पण वाचेल असं वाटतं, म्हणाल्या.  काकांनी पंचा तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. एवढा दांडगा आवाज असलेला माणूस इतकं आवाज न करता रडू शकतो, हे मला खरं वाटेना. मला त्यांची दया आली, आणि आली याचा थोडा रागही आला.

"वहिनी," काका पंच्यातूनच म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "तो गेला असता तर मी बोललो कोणाशी असतो?"

वहिनींनी पदराने हात पुसले. आमसुलांचा रंग काही निघेना. मग त्या म्हणाल्या, "आत्ता बोललात तसेच."